मंत्र्याला कागद नको

दैनंदिन मालिकांचं लेखन तीन हातांत वाटलेलं असतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मी बरीच वर्षं तिसरी होते. सासू दारात उभी आहे, सून पिशव्या घेऊन येते आहे, दोघींच्या मधे उंबरा आहे, हे सगळं ठरून माझ्याकडे यायचं. आता त्या काय बोलतात एवढंच माझ्या हाती. त्यामुळे एका निर्मात्याने फोनवर सांगितलं की दहावीच्या आतबाहेरच्या मुलांसाठी कार्यक्रम करतोय, त्यात राणी आहे, मंत्री आहे, थांबलेली नदी आहे आणि बारा मुलं आहेत जी नट नाहीत, तेव्हा माझा पहिला प्रश्न धंद्यातलाच होता. मुलांचे संवाद कोण लिहिणार?

“कुणी नाही. ती बोलतील ते.”

“मग राणीचे?”

“ते तू. फक्त मुलं काय बोलणार आहेत ते तुला माहीत नसेल.”

मी हो म्हटलं. थोडं कुतूहल, थोडा उंबऱ्याचा कंटाळा.

पहिले काही दिवस आम्ही नुसतं बघत बसलो. मुख्य नमुना होता ‘द क्वेस्ट’. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने तो २०१४ साली दाखवला होता. त्याच्या निर्मात्यांची जोडणीच सगळं सांगून जाते: एका बाजूला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रपटांचे कार्यकारी निर्माते मार्क ऑर्डेस्की आणि त्यांच्या सहकारी जेन फ्लेमिंग, दुसऱ्या बाजूला ‘अमेझिंग रेस’ उभी करणारे बर्ट्रम व्हॅन मन्स्टर आणि एलिस डोगानिएरी. म्हणजे निम्मे लोक परीकथेच्या घरातले, निम्मे शर्यतीच्या. बारा साधी माणसं ‘पॅलाडिन’ म्हणून एव्हररील्म नावाच्या राज्यात सोडलेली, समोर राणी, सरदार, व्हर्लॉक्स नावाचा खलनायक, आणि हे सगळे नट कॅमेरा असो-नसो आपापलं सोंग धरून. २०२२ साली डिस्ने प्लसने हाच प्रकार आठ किशोरवयीन मुलांना घेऊन पुन्हा केला. आमच्या निर्मात्याला तोच हवा होता, फक्त स्वस्तात.

स्वस्तात म्हणजे काय ते किल्ल्यावरून कळलं. ‘द क्वेस्ट’चं पहिलं पर्व व्हिएन्नाजवळच्या क्रॉयझेनश्टाइन किल्ल्यात झालं. आमच्या कलादिग्दर्शकाने त्याचा इतिहास काढला आणि त्याचा चेहरा उजळला. मूळ किल्ला स्वीडिश सैन्याने १६४५ साली उडवून दिला होता. आज दिसतो तो काउंट विल्चेक नावाच्या उमरावाने १८७४पासून पुढे बांधून घेतलेला, आणि तोसुद्धा युरोपभरातून विकत आणलेल्या जुन्या इमारतींचे तुकडे जोडून. “म्हणजे तोही सेटच की,” कलादिग्दर्शक म्हणाला आणि नायगावच्या आमच्या फ्लोअरवर प्लायवुड, फायबर आणि पीओपीचा राजवाडा उभारायला हलक्या मनाने निघून गेला.

मला स्वतःला जास्त गुंतवलं ते ‘नाइटमेअर’ने. ब्रिटनच्या आयटीव्हीवर १९८७ ते १९९४ चाललेला मुलांचा कार्यक्रम, नॉर्विचच्या अँग्लिया टेलिव्हिजनचा, टिम चाइल्ड यांच्या डोक्यातून निघालेला. चार मुलांचा संघ. एकजण शिरस्त्राण घालून अंधारकोठडीत उतरतो आणि तिघं बाहेर बसून पडद्यावर बघत त्याला वाट सांगतात: डावीकडे सरक, दोन पावलं पुढे, थांब. गंमत अशी, की आत गेलेल्या मुलाभोवती कोठडी नसतेच. असतो तो निळ्या रंगाने रंगवलेला रिकामा स्टुडिओ, आणि हाताने रंगवलेल्या भिंती, दऱ्या, राक्षस मागाहून यंत्राने भरलेले. त्याला निळं दिसू नये म्हणूनच ते डोळ्यांवर येणारं शिरस्त्राण. सगळं घरदार ती जादूची दुनिया बघतंय आणि ती त्या एकट्याला दिसत नाही, जो तिच्यात उभा आहे! वर हा कार्यक्रम निर्दय होता. एक पाऊल चुकलं की मूल दरीत. पहिल्या पर्वात एकही संघ शेवटपर्यंत पोचला नाही. तरी मुलं रांगा लावून येत होती. हे मी वहीत नोंदवून ठेवलं आणि पुढे ते वारंवार उपयोगी पडलं: या वयाच्या मुलांना हरण्याचं वावडं नसतं. हरवण्याची पद्धत सरळ असली की झालं.

आपल्याकडच्या वाहिन्यांत दोन विभाग असतात, फिक्शन आणि नॉन-फिक्शन. मालिका एकीकडे, गाण्या-नाचाच्या स्पर्धा, धाडसाचे खेळ दुसरीकडे. मजले वेगळे, बजेटचे तक्ते वेगळे, बोलण्याची पद्धतसुद्धा वेगळी. फिक्शनवाले विचारतात, या भागाचा शेवट कशावर? नॉन-फिक्शनवाले विचारतात, या भागात बाहेर कोण? आमचा कार्यक्रम दोघांच्या मधे लटकलेला. बैठकीला दोन्हीकडचे लोक येत आणि एकमेकांच्या सूचनांवर नम्रपणे हसत. फिक्शनचे साहेब म्हणाले, “नायक पहिल्या भागातच प्रस्थापित करा.” मी म्हटलं, नायक कोण ते शेवटच्या भागात कळणार आहे. ते म्हणाले, “हो, पण प्रेक्षकांना नाही, आपल्याला तर माहीत असेल ना?”

हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आमच्या करारात लिहिलेलं होतं: नाही. आपल्यालाही माहीत नसेल.

या आग्रहाला जुना इतिहास आहे. अमेरिकेत १९५०च्या दशकात प्रश्नमंजूषांचं प्रचंड वेड होतं. ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा देखणा, विद्वान प्राध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत राहिला आणि देशाचा लाडका झाला. १९५९ साली त्याने काँग्रेसच्या समितीसमोर कबूल केलं की उत्तरं त्याला आधीच दिली जात होती. त्यानंतर १९६०मध्ये तिथे कायदाच बदलला: ज्ञान, कौशल्य किंवा नशिबाच्या स्पर्धेचा निकाल प्रेक्षकांना फसवण्यासाठी आधी ठरवणं हा गुन्हा. म्हणून तिकडच्या ‘द क्वेस्ट’सारख्या कार्यक्रमात राणी खोटी, शाप खोटा, तलवार रबरी चालते, पण बाण निशाण्यावर कुणाचा लागला हे खरंच असावं लागतं. आमच्या निर्मात्याने तीच रीत उचलली. खेळ रचणारा गट वेगळ्या खोलीत, आम्ही लेखक वेगळ्या. नियमपुस्तक सांभाळणारी एक बाई होती, पूर्वी बँकेत होती म्हणे. ती आमच्याबरोबर चहासुद्धा घ्यायची नाही.

आता लिहायचं कसं? मालिकेत मी माणसांसाठी लिहीत होते. इथे माणसं हातात नव्हती, म्हणून जागांसाठी लिहायला लागले. ‘नकाशा अमुककडे आहे’ असं लिहायचं नाही; ‘नकाशा ज्याच्याकडे असेल तो’ असं लिहायचं. त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला धीट मुलगी येईल की नखं खाणारा मुलगा, ते सकाळचा खेळ ठरवणार. भविष्यवाणी लिहिणं तर भलतंच अवघड काम निघालं. फार नेमकी असली तर निकालाने खोटी पडते, फार सैल असली तर मुलं जांभया देतात. ‘जो पाण्याला शेवटचा हात लावेल’ ही ओळ आम्ही तीन दिवस भांडून ठेवली. बाराही मुलांपैकी कुणालाही बसेल आणि बसल्यावर त्याच्याचसाठी लिहिली होती असं वाटेल, एवढंच तिचं काम.

आणि जो जाईल त्याचं काय? सगळ्यात जास्त वेळ यावर गेला. स्पर्धेच्या कार्यक्रमात हरलेला हात हलवून निघून जातो; मागे गाणं लागतं. गोष्टीत असं कुणी निघून जात नाही. पात्र मरतं, फितूर होतं, वनवासाला जातं, काहीतरी होतं. ‘नाइटमेअर’मध्ये दरी होती. बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर २००२पासून ‘रेव्हन’ चालला. त्यात मुलांना योद्ध्यांची नवी नावं मिळत, त्यामुळे हरायचा तो योद्धा, घरी जायचं ते मूल, अशी थोडी फट राहत असावी. आम्ही मुलांची खरीच नावं ठेवली होती. शेवटी असं ठरलं: जो हरेल तो थांबलेल्या नदीच्या काठावर राखणदार होईल. त्याच्या नावाचा दिवा काठावर लागेल आणि पुढच्या प्रत्येक भागात तो दिसत राहील. मूल आईबरोबर वसईहून गाडी पकडून घरी. दिवा मात्र राज्यात. एकदा मांडणी करताना एक दिवा राहून गेला. कॅमेरामनच्या लक्षात आलं नाही, कंटिन्युइटीवालीच्या नाही, माझ्याही नाही. मुलांनी चालता चालता दिवे मोजले आणि जागच्या जागी थांबली. दिवा येईपर्यंत पुढे जायला तयार नाहीत. तो मुलगा त्या वेळी घरी वरणभात खात असेल हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मोठ्यांचा एक लाडका गैरसमज असतो की मुलं ‘खरं मानतात’. तेरा ते सोळा वयाची मुलं काही खरं मानत नाहीत. ती फार व्यवहारी असतात. लेपल माइकची बॅटरी संपली की बदलायला ध्वनिविभागाची पोरं पाणक्याच्या वेशात, झगा घालून येत. मुलं राणीशी बोलता बोलताच पाठ त्यांच्याकडे करून उभी राहत, बॅटरी बदलली की खांदा हलवून बघत आणि वाक्य पुढे चालू. कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की हे राज्य आपण चालवायचं आहे आणि त्यात मोठ्यांची मदत होते आहे. आमची त्यांना, असं नाही. त्यांची आम्हाला.

वेळेचं गणित मात्र कायद्याने आखून दिलेलं होतं. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली त्याचे नियम आले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी. आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. कायद्यातलं ‘मूल’ चौदाच्या आतलं. आमच्याकडे तेराचीही होती आणि सोळाचीही. पण एक मूल चार वाजता घरी आणि दुसरं सात वाजेपर्यंत लढतंय असं केलं तर स्पर्धेची बरोबरीच मोडते. म्हणून सगळ्यांना तेराचा नियम. परिणामी आमच्या राज्यात रात्र सकाळी अकराला व्हायची, फ्लोअरच्या सगळ्या फटींना काळं कापड मारून. शाप मध्यरात्री नाही तर जेवणाच्या सुट्टीआधी उतरायचा. मधल्या वेळेत मुलं छातीवर चिलखत बांधून बीजगणिताची गणितं सोडवत बसलेली असत. मला त्या कार्यक्रमातलं सगळ्यात अद्भुत दृश्य तेच वाटायचं आणि नेमकं ते दाखवायला परवानगी नव्हती.

आता मंत्री.

राणीच्या भूमिकेसाठी मालिकांतली चांगली ओळखीची नटी घेतली होती. अतिशय मेहनती बाई. संवाद असा पाठ की झोपेतून उठवलं तरी म्हणेल. पहिल्या दिवशी एका मुलाने तिला विचारलं, “महाराणी, तुमच्याकडे पाणी नाही तर बाग हिरवी कशी?” बाईने माझ्या कागदातलं पुढचं वाक्य म्हटलं. मुलाने पुन्हा विचारलं. बाईने दिग्दर्शकाकडे पाहिलं. त्या क्षणी राजवाडा प्लायवुडचा झाला. दोष तिचा नव्हता. तिच्या सगळ्या कारकिर्दीत समोरच्या पात्राने आगाऊपणे स्वतःचा प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

मंत्र्यासाठी आणखी चार नट पाहिले, सगळे तिथेच अडले. माझं आजोळ कुडाळकडचं. लहानपणी जत्रेत रात्र-रात्र दशावतार पाहिलेला. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, आणि मग पखवाज वाजला की पहाटेपर्यंत जे बोललं जातं ते तिथल्या तिथे. समोरच्याने नवा फाटा काढला तर त्याला उत्तर देणं हीच विद्या. मी निर्मात्याला म्हटलं, आपल्याला हा माणूस हवा. तो म्हणाला, हिंदी येतं का त्यांना? मी म्हटलं, येईल तेवढं येईल.

आले ते काका साठीच्या आसपासचे, चेहऱ्यावर रंग बसायची सवय झालेले. मी अदबीने पहिल्या भागाचे कागद पुढे केले. त्यांनी ते घडी घालून परत दिले. “कागद माका नको. गोष्ट काय ता सांगा, मी कोण ता सांगा, आणि समोरच्याक काय होया ता सांगा.” एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं नेमकं विचारलं नव्हतं. त्यांच्या हिंदीला मालवणीचा हेल होता. तो घालवायच्या फंदात न पडता आम्ही मंत्र्याला राज्याच्या समुद्रकाठचा करून टाकला.

दुसऱ्याच दिवशी एका मुलीने त्यांना कोंडीत पकडलं. (कार्यक्रम हिंदी होता, मी मराठीत सांगते.)

“मंत्रीजी, नदी थांबली तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“झोपलो होतो.”

“मंत्री असून?”

“राज्य नीट चाललं असलं की मंत्री झोपतात.”

“मग तुम्हाला उठवलं कुणी?”

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “अजून कुणी उठवलेलं नाही. तूच पहिली.”

कंट्रोल रूममध्ये आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कारण माझ्या मूळ आराखड्यात मंत्री जागाच होता, त्यानेच नदीच्या दरवाजाला कुलूप घातलं होतं, आणि सातव्या भागात तो फितूर निघणार होता. त्या एका उत्तरानंतर ते शक्यच राहिलं नाही. मुलांनी ठरवून टाकलं की मंत्र्याला कुणीतरी झोपेचं औषध दिलं. पुढचे तीन भाग मी मुलांच्या मागे धावत लिहिले. राणीची नटी तिच्या मेकअप रूमच्या बाहेर काकांना गाठून विचारू लागली, “काका, सुचलं नाही तर काय करायचं?” ते म्हणाले, “समोरच्याक इचारायचा. तेकाच सुचता.”

सगळं असं गोड नव्हतं. नॉन-फिक्शनची एक सवय असते, बाइट. स्पर्धकाला कोपऱ्यात बसवून आत्ता काय वाटतंय ते विचारायचं. बाइट घेणाऱ्या पोरांना शिकवलेलं असतं की प्रश्न असा विचारा की डोळे भरतील. “मैत्रीण गेली, एकटं वाटतंय का? आईची आठवण येते का?” मला हे बघवायचं नाही. मुलांना मात्र ते आमच्यापेक्षा चांगलं हाताळता येत होतं. गोष्टीत मुलं प्रवासी होती. एक मुलगी शांतपणे म्हणाली, “स्पर्धक म्हणून विचारताय की प्रवासी म्हणून? स्पर्धक म्हणून मला बरं वाटलं. प्रवासी म्हणून वाईट वाटलं.” बाइटवाल्याला यातलं कुठलं अर्धं कापावं कळेना. आम्ही दोन्ही ठेवलं.

मग वाइल्ड कार्ड आलं.

चौथ्या भागात एक मुलगा बाहेर पडला होता. उमदा, बोलका, कॅमेऱ्याला आवडणारा. वरून निरोप आला की त्याला परत आणा. कुणाकडून आला ते सांगण्यात अर्थ नाही. असे निरोप सगळीकडेच येतात आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाला वाइल्ड कार्ड काही नवीन नाही. पण साध्या स्पर्धेत ते उघडपणे होतं: सूत्रसंचालक सांगतो, लोक शिव्या देतात, पुढे चालू. आमच्याकडे ते झाकता येत होतं. जादू होती ना! राणीने माफी दिली, दिवा अचानक मोठा झाला, नदीने राखणदाराला परत पाठवलं, काहीही लिहा. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की या मिश्र प्रकारात सगळ्यात मोठा धोका तलवारीचा नाही, हा आहे. परीकथेच्या आड कुठलीही लबाडी शोभून दिसते. नियमपुस्तकवाल्या बाईंनी लेखी आक्षेप नोंदवला. तो फाइलला लागला आणि मला राणीच्या माफीचा प्रसंग लिहायला सांगण्यात आलं. मी लिहिला. बरा लिहिला होता.

राणीने माफी जाहीर केली. मुलं काही बोलली नाहीत. तो मुलगा आत आला, त्याच्याशी नीट वागली, त्याला बसायला जागा दिली. पण राणीने विचारलेल्या प्रश्नाला कुणी उत्तर देईना. बॅटरी बदलणारा पाणक्या आला तर एकाने त्याला सरळ त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. काका पुढे झाले, काय झालं म्हणून विचारलं. एक मुलगा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, “हे वाइल्ड कार्ड आहे ना, अंकल?”

अंकल! इतके दिवस बॅटऱ्या, काळी कापडं, चिकटपट्टीने जोडलेले खांब, सगळं त्यांनी पदरात घातलं होतं. एवढ्या एका गोष्टीवर मंत्रीजींचे अंकल झाले.

टॉकबॅकवर दिग्दर्शक ओरडत होता, कट करू की नको. काका मुलांच्या मधोमध खाली बसले आणि म्हणाले, “माफी राणीची आहे. पण दरबार तुमचा आहे. राणीची माफी दरबाराने फेटाळल्याची उदाहरणं आहेत.” अशी उदाहरणं अर्थातच कुठे नव्हती. माझ्या कागदात नव्हती, नियमपुस्तकात नव्हती. मुलांनी बाजूला जाऊन बराच वेळ खलबत केलं. परत आलेल्या मुलाला त्यात बसवून घेतलं, हे मला विशेष वाटलं. निर्णय असा आला: त्याने यावं. पण त्याचे सगळे गुण शून्य, आणि पुढच्या प्रत्येक खेळात त्याची पाळी शेवटची. “आणि त्याचा दिवा काठावरून काढायचा नाही,” मुलीने जोडलं, “कारण तो एकदा हरला होता हे खरं आहे.” त्या मुलाने मान डोलावली. बँकवाल्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या टेबलावर चहाला आल्या.

तो मुलगा दोन भागांनी पुन्हा बाहेर पडला. निरोप देणाऱ्यांना ते आवडलं नाही. काठावर त्याच्या नावाचे दोन दिवे लागले, कलाविभागाने न विचारता.

शेवटाकडे एक अडचण आली, ती अगदी आपल्या मातीतली. परवानग्यांच्या घोळात आमचं चित्रीकरण लांबलं आणि कार्तिक उजाडला. तुळशीच्या लग्नानंतर कोकणात जत्रा सुरू होतात. दशावतारी मंडळी मग वैशाखापर्यंत कुणाची नसतात. काकांनी हे करार करतानाच बजावलं होतं. निर्मात्याने जास्त पैसे देऊ केले. काका म्हणाले, मंडळीचा नारळ फुटला, आता देवाच्या दारात नाव लागलेलं आहे. ते गेले. शेवटच्या भागात मंत्री नाही! रातोरात मी त्यांना शेजारच्या राज्यात वकिलातीला पाठवलं, जहाजाने, नदी सुरू करण्याबद्दल समुद्राशी बोलणी करायला. मुलांनी पत्र हवं म्हणून हट्ट धरला. काकांनी फोनवरून मला सांगितलं, मी मोडीसारख्या अक्षरात लिहिलं, आणि मुलांनी ते अक्षर मंत्रीजींचं नाही असं बजावून पत्र ठेवून घेतलं.

अंतिम फेरी ज्याने जिंकली तो साऱ्या पर्वात मोजकंच बोललेला मुलगा होता. कुणाच्याही अंदाजात नसलेला. शेवटच्या दरवाजाशी पाण्याला शेवटचा हात त्यानेच लावला, त्यामुळे भविष्यवाणीची ओळ बसली आणि मी खुर्चीत टेकले. आता राणी वर मागायला सांगणार, मुलगा नदी मागणार, पाण्याचा पंप सुरू होणार. बाराशे लिटरची टाकी वर चढवून ठेवलेली. राणी म्हणाली, “माग.”

मुलगा म्हणाला, “मंत्रीजींना परत बोलवा.”

पंपवाला हात बटणावर ठेवून टॉकबॅकवर विचारतोय, सोडू का. दिग्दर्शक माझ्याकडे बघतोय. माझ्याकडे कागद नव्हता. राणीच्या नटीने या वेळी कुणाकडेही पाहिलं नाही.

“आधी नदी सोड,” ती म्हणाली. “नदी आली तर होडी येईल. होडी आली तर मंत्री.”

“किती दिवसांनी?”

“वैशाख संपला की.”

कंट्रोल रूममध्ये ज्या दोघाचौघांना हे समजलं ते मोठ्याने हसले. संपादनाच्या टेबलावर वाहिनीच्या माणसाने विचारलं, वैशाख का? ते वाक्य काढावं का? एडिटर रत्नागिरीचा होता. त्याने ते राहू दिलं.